कवळीतली पांढरी पावडर

पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमची दातांची लॅब आहे. लॅब म्हणजे एक खोली, एक ओटा, गॅसची शेगडी आणि प्लास्टरच्या साच्यांनी भरलेल्या दोन फळ्या. आम्ही तिथे कवळ्या बनवतो. लॅब काकाजींची. ते माझे कोणी नातेवाईक नाहीत, पण त्यांनीच मला हे काम शिकवलं आणि पहिल्या दिवसापासून मी त्यांना काकाजीच म्हणते. लग्न होऊन रामाकोन्याहून पांढुर्ण्याला आले तेव्हा मला कवळी हातात धरायचीही किळस यायची. आता साचा पाहिला की माणूस कोणत्या बाजूने चावतो ते मी सांगू शकते.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. गुलाबी पावडर आणि तिचं लिक्विड मोजून कालवायचं काम माझं. ते मिश्रण, आमच्या भाषेत मसाला, कणकेसारखं झालं की साच्यात दाबून भरायचं आणि साचा पाण्यात सावकाश तापवायचा, हे काकाजींचं. पाणी घाईने उकळलं तर कवळीत आत बुडबुडे राहतात आणि ती कमजोर होते. म्हणून शेगडीजवळ ते मला कधी येऊ देत नसत.

आमचं निम्मं काम सौसरहून यायचं. तिथे दातांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. त्या तोंडाचं माप घेऊन डब्यात भरून बसच्या कंडक्टरजवळ देत, आणि तयार कवळी त्याच बसने परत जाई. त्यांच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची एकच तक्रार जास्त असायची. कवळीखाली टाळू लाल होतो, आग होते. कारण मॅडमना ठाऊक होतं. ही माणसं झोपतानाही कवळी काढत नव्हती. सुनेसमोर, जावयासमोर बोळक्या तोंडाने बसायची लाज. कवळी दिवसरात्र तोंडात राहिली की तिच्यावर बुरशी धरते.

एक दिवस मॅडमनी डब्यातून मापाबरोबर पांढऱ्या पावडरची एक बाटली पाठवली. फोनवर म्हणाल्या, "ताई, हे जंतू मारणारं औषध आहे. कवळीच्या पावडरीतच मिसळायचं. मग कवळीवर बुरशी धरणारच नाही. एका कवळीला बाटलीतला एक चमचा, बस."

मला फार आवडलं ते. काकाजींनी मात्र बाटली उघडून वास घेतला, चिमूटभर पावडर बोटांत चोळून पाहिली.

"हे कोणी देल्लं मॅडमले?"

"नागपूरहून एक माणूस येते म्हणे कंपनीचा."

"कंपनीचा माणूस तं मायाकडंही येते. चहा पिऊन जाते." त्यांनी झाकण लावलं. "जंतू मारते, चांगली गोष्ट हाय. पण कवळीले काय करते, हे इचारलं का कोणी?"

मला वाटलं, म्हातारपणी माणसाला नवं काही पटत नाही.

मॅडमचा शब्द म्हणून एक चमच्याला काकाजी राजी झाले, आणि पहिल्या काही कवळ्या छान निघाल्या. रंग जरा मळकट वाटायचा, इतकंच. मॅडमचा फोन आला, टाळू बरे होत आहेत म्हणून. त्यांनी त्या माणसांना कवळी काढून झोपायलाही बजावलं होतं, त्यामुळे गुण कशाचा ते कोण सांगणार. पण मॅडम खूश होत्या. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "ताई, मी ज्या डब्यावर लाल खूण करीन, त्या पेशंटचं तोंड जास्त खराब समजायचं. त्यात दोन चमचे घालत जा. आणि काकाजींना सांगू नका, ते उगाच वाद घालतील."

मी नाही सांगितलं. लाल खुणेचा डबा आला की मी ओट्याकडे पाठ करून दोन चमचे घालत होते.

पावसाळा सरला आणि पहिली कवळी मोडून आली. सावरगावच्या एका आजीची, जिने सौसरला मॅडमकडे माप दिलं होतं. नदीपलीकडून ती स्वतः चालत आली आणि पदराच्या गाठीतून दोन तुकडे काढून ओट्यावर ठेवले. वरची कवळी बरोबर मधोमध दुभंगली होती.

"जामसावळीले गेली होती व मारुतीच्या दर्शनाले. परसादाचं खोबरं चावलं अन् कटकन आवाज आला. मले वाटलं मायं हाडच मोडलं."

"आजी, खोबरं कडक असते," मी म्हटलं.

"आधीच्या कवळीनं सात वर्सं खोबरं खाल्लं म्या."

काकाजींनी दोन्ही तुकडे उचलले, मोडलेली कड उजेडात धरली आणि ते सरळ खिशात टाकले. तेव्हाच मला खटकलं. तुकडे खिशात कशाला?

महिन्याभरात आणखी दोन आल्या. एक म्हातारा म्हणाला कवळी खिचडी खाताना मोडली. दुसरी बाई म्हणाली, धुताना हातातच दोन तुकडे झाले. मॅडमनी फोन केला, पण लॅबच्या नंबरवर नाही, माझ्या मोबाइलवर.

"ताई, खरं सांगा. काकाजी साचे नीट तापवतात का? का घाई करतात? डोळ्यांना कमी दिसत असेल, वय झालंय. जुनी पावडर तर वापरत नाहीत ना? तुम्ही जरा लक्ष ठेवा. माझ्या दवाखान्याचं नाव खराब होऊन राहिलंय."

मी म्हटलं, "हो मॅडम." फोन ठेवला तेव्हा मला जड वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं मोठंही वाटत होतं. मॅडमनी माझ्यावर विश्वास टाकला होता.

त्या दिवसापासून मी ज्या माणसाकडून काम शिकले त्याच्यावर नजर ठेवायला लागले. आणि नजर ठेवायला लागलं की सगळंच वेगळं दिसतं. साचा पाण्यातून काढताना त्यांचा हात कापतो. तो आधीही कापायचा की आताच? पावडरचा डबा ते संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेतात. कशाला? कपाटाच्या खालच्या खणाला त्यांनी कुलूप लावलं होतं, तिथे आधी कधी कुलूप नव्हतं. मोडलेली तिसरी कवळी काकाजींच्या आधी माझ्या हाती आली. मी तिच्या कडा भिंग लावून तपासल्या, पाणी घाईने उकळल्याचे बुडबुडे शोधले. एकही सापडला नाही. तेव्हा खरं तर काकाजींवरचा संशय जायला हवा होता. उलट मी मनात म्हटलं, म्हणजे त्यांनी पावडरच हलकी आणली.

दुपारी मी जेवायला घरी जाते. एक दिवस भाजी सकाळीच करून ठेवली होती म्हणून लवकर परत आले. लॅबचं दार आतून बंद. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. थोडं पाणी, मग शांतता. पुन्हा थोडं पाणी. मग एकदम धप्प आवाज झाला आणि पाणी सांडलं. मी कडी वाजवली. दार उघडायला बराच वेळ लागला. काकाजींच्या बाह्या ओल्या होत्या, फरशी ओली होती, आणि कपाटाच्या कुलपाची किल्ली अजून त्यांच्या हातात होती.

"आज लवकर आली?"

"हो. काय करून राहिले होते?"

"फरशी धुवून राहिलो होतो."

इतक्या वर्षांत त्यांनी फरशी धुतलेली मी पाहिली नव्हती. संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं, "दार लावून काहीतरी करतात. मले सांगत नाही."

दुसऱ्या आठवड्यात सौसरचा डबा आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, मॅडमचे डबे आता नागपूरच्या बसने जातात. काकाजी स्टँडवरून रिकाम्या हाताने परत आले आणि ओट्याजवळ बसून राहिले. मला विचारलं, "तुले काई मालूम हाय का?" मी म्हटलं, नाही.

मग एका बुधवारी ते मुलीकडे वरूडला गेले आणि कपाटाची किल्ली खिळ्यावरच विसरले. मी लॅबचं दार लोटलं आणि कपाटाचा खालचा खण उघडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. त्यात कवळीच्याच गुलाबी मसाल्याच्या पट्ट्या. बोटभर लांब, सगळ्या सारख्या जाडीच्या, बहुतेक मोडलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं. काहींवर 'साधी'. काहींवर 'एक'. आणि उरलेल्यांवर 'तिची'.

मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे पाहत बसले. लॅबमध्ये आम्ही दोघंच. तिची म्हणजे माझीच. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते त्या सगळ्या दिवसांत ते माझ्यावर ठेवून होते.

दार मी नुसतं लोटलं होतं, कडी लावली नव्हती. काकाजी दारात उभे. त्यांची बस चुकली होती.

"पाहिलं?" ते म्हणाले.

मला वाटलं ओरडतील. ते आत आले, टोपी काढून खुंटीला लावली.

"हे 'तिची' काय हाय, काकाजी?"

"तू पाठ करून कालवते तवा तुया वाटीत जो मसाला उरते ना, तो मी ठेवून घेत होतो. त्याच्या पट्ट्या केल्या. 'साधी'त काहीच नाही. 'एक' मी सोता कालवली, मॅडमच्या बाटलीतला एक चमचा घालून." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू किती टाकते?"

"एक चमचा."

"बरं."

त्यांनी ओट्याखालून दोन विटा काढल्या, मध्ये थोडी जागा सोडून ठेवल्या. 'साधी' लिहिलेली एक अख्खी पट्टी दोन विटांवर आडवी ठेवली. तिच्या मध्यावर तारेचा आकडा अडकवला आणि आकड्याला रिकामी बादली टांगली. पाणी ओतायचा मग माझ्या हाती दिला. "ओत. हळू."

मी ओतत गेले. एक मग, दोन मग. पट्टी थोडी वाकली पण तुटेना. आठव्या मगाला कटकन मोडली आणि बादली खाली पडली. तोच आवाज मी दाराबाहेरून ऐकला होता. मग 'एक' ठेवली. ती सात मग पेलून आठवा ओतता ओतता मोडली, म्हणजे जवळपास तेवढीच. मग 'तिची'. पाचवा मग पुरता रिकामाही झाला नव्हता.

काकाजींनी तो तुकडा उचलून मला दारातल्या उन्हात नेलं. "पाह्य."

मोडलेल्या जागी गुलाबी रंगात पांढरे बारीक ठिपके होते. मोहरीपेक्षाही बारीक, पण पुंजक्यापुंजक्याने.

"गुठळ्या हाय थ्या. पिठात गुठळी राह्यली की भाकर तिथूनच फाटते ना, तसंच. थोडं घातलं अन् चांगलं कालवलं तं मसाला सांभाळून घेते. जास्त झालं की सांभाळत नाही. आजीच्या कवळीतही असेच ठिपके हाय. तवापासून मले शंका होती." त्यांनी तुकडा माझ्या हातात ठेवला. "आता सांग. किती?"

"दोन," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

"मॅडमनी. लाल खुणेच्या डब्यात."

"अन् तू मले नाई सांगितलं."

मोडलेल्या तिन्ही कवळ्या लाल खुणेच्या होत्या. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी काकाजींचा हात, काकाजींचा डबा, काकाजींचं कुलूप, एवढंच मी पाहत राहिले. स्वतःच्या चमच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. का गेलं नाही, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सौसरला गेलो. मॅडमनी पट्ट्या पाहिल्या आणि काकाजींकडे पाहिलं.

"काकाजी, राग मानू नका. पण या पट्ट्या तुम्हीच बनवल्या, तुम्हीच मोडल्या. काम परत मिळावं म्हणून कोणी काहीही करू शकतं."

काकाजींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मॅडम, दोन चमचे मी घातले. तुमच्या सांगण्यावरून."

"मी घालायला सांगितले. गुठळ्या ठेवायला नाही सांगितलं." म्हणजे आता संशय माझ्यावर आला होता.

काकाजी उठले. "रविवारी तुम्ही लॅबवर या. तुमच्या हातानं कालवा, तुमच्या हातानं भरा. मी फक्त पाणी तापवतो, ते बी तुमच्यासमोर."

त्या आल्या. नवी बाटली आणली होती, सील न तोडलेली. प्रत्येक साच्यावर त्यांनी स्वतःची सही केली, म्हणजे आम्ही बदलू नये. साचे पाण्यात होते तोवर त्या खुर्ची सोडून हलल्या नाहीत, चहासुद्धा तिथेच प्यायल्या. दोन चमच्यांचा मसाला त्यांनी इतका घोटला की त्यांचं मनगट दुखायला लागलं. दुपारनंतर साचे थंड झाले, पट्ट्या घासून सारख्या केल्या आणि बादली टांगली. त्यांच्या हातची दोन चमच्यांची पट्टी सहाव्या मगाला गेली. माझ्यापेक्षा बरी, साधीपेक्षा कितीतरी वाईट. त्यांनी तुकडा भिंगाखाली धरला. ठिपके कमी होते, पण होते.

तिथूनच त्यांनी पावडरवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "मॅडम, जंतूंचा रिपोर्ट आहे ना तुमच्याकडे."

"मजबुतीचा आहे का?"

"त्याची तर कोणी तक्रार केली नाही आजवर."

"मी करते आहे," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद केला. मग काकाजींना म्हणाल्या, "एक चमचा तर चालेल ना? पेशंटना फायदा होतो हो."

"आज चालते. दोन वर्सं तोंडात राहून, रोज चावून काय होते, हे ना तुमाले मालूम, ना मले." 

त्यांनी बाटली पर्समध्ये घातली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. डबे मात्र पुन्हा कंडक्टरजवळ यायला लागले.

लाल खुणेच्या कवळ्या परत मागवायच्या ठरल्या. नव्या फुकट करून द्यायच्या. वाटलं होतं लोक धावत येतील. पण सावरगावच्या आजीने नवी कवळी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "हिच्यात तं काई घातलं नाई ना?" मी नाही म्हटलं. "आधी तू वाकवून दाखव मले." मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून दाखवली, तेव्हा कुठे तिने ती घेतली. खिचडीवाल्याला वाटलं की फुकट देतात म्हणजे यात नक्कीच काहीतरी गडबड असणार. त्याने आपल्या मुलाला बरोबर आणून चौकशी केली.

या सगळ्यांत एक माणूस माझ्या माहेरचा होता, रामाकोन्याचा. त्याची कवळी लाल खुणेची, पण मोडलेली नव्हती. मी माहेरी गेले तेव्हा त्याच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं. संत्र्याच्या बागेत राखण करणारा, अंगाने आडदांड. त्याने ऐकून घेतलं.

"म्हंजे जी मोडली नाही ती तुले देऊ, अन् तू मले दुसरी देशील."

"हो, बाबा. ही मोडू शकते."

"दुसरी मोडणार नाही, हे कायवरून?"

"तिच्यात पावडर नाही."

"ह्या कवळीनं मायं तोंड बरं झालं, पोरी. तुमी लोकं चांगली चीज काढून घेता अन् हलकी देता. मले समजते." त्याने कवळी जिभेने दाबून बसवली आणि आत निघून गेला.

परतताना बसमध्ये मी ठरवलं की काकाजींना उरलेलं सांगायचंच. सकाळी लॅब उघडल्यावर सांगितलं. मॅडमचा फोन, माझी पाळत, दार लावून काहीतरी करतात म्हणून मीच कळवल्याचं. काम बंद झालं ते माझ्यामुळे.

ते प्लास्टर कालवत होते. हात थांबला नाही. "मालूम होतं मले. तू आली की आधी माया हाताकडे पाहायची, मंग चप्पल काढायची."

"मंग बोलले काऊन नाही?"

"मी तरी कुठं साफ होतो? तुया वाटीतला मसाला चोरून ठेवत होतो ना. मले वाटलं, तू डब्यातली चांगली पावडर विकून हलकी भरून राहिली, म्हणून डबाही घरी नेत होतो." त्यांनी वाटी खाली ठेवली. "वाईट वाटलं होतं मले. पण वाटलं होतं, हे खरं हाय."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. कुलूप त्यांनी काढून टाकलं, आणि मीही आता ओट्याकडे पाठ करून काही कालवत नाही. एवढ्याने सगळं पूर्वीसारखं झालं असं म्हणता येणार नाही. अजूनही मी मोजत असते तेव्हा ते मान वर करतात. अजूनही ते साचा काढतात तेव्हा मी घड्याळ पाहते. दोघांनाही दुसऱ्याचं कळतं.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला रामाकोन्याला गेले होते. पंगतीत समोरच्या ओळीत तो बागेचा राखणदार बसला होता. त्याच्या पानात बुंदीचा लाडू होता, चांगला कडक बांधलेला. त्याने तो उचलला तसा माझा घास हातातच राहिला. मी त्याच्या जबड्याकडे पाहत बसले. वाढपी माझ्या पानात भात वाढून पुढे गेला तेही कळलं नाही. त्याने लाडू चावला, गिळला, आणि मान वर करून मला पाहिलं.

"काय पाहून राहिली व?" तो ओळीतून मोठ्याने म्हणाला.

"काई नाही, बाबा."

"मजबूत हाय," त्याने बोटाने दातांवर टकटक केलं आणि दुसरा लाडू मागितला.